दुधाचा चुना

"झाकण लावा! आधी ते झाकण लावा!" साहेब नाकावर रुमाल दाबून ओरडले. त्यांच्याबरोबर आलेला नवा अभियंता तोवर दाराबाहेर पोचला होता आणि जिन्याच्या कठड्याला धरून खोकत होता.

मी झाकण लावलं, पण सावकाश. पिंपात नासलेलं दूध होतं. दूध केंद्रावरून परत आलेलं, कुणालाच नको असलेलं. ते पुरतं फाटू द्यायचं, वरचं पाणी काढून टाकायचं आणि खाली उरलेला चोथा मुरलेल्या चुन्यात मळायचा. मग त्यात विटांची भुकटी, चाळलेली वाळू आणि बकरीचे बारीक कापलेले केस. असा चुना भिंतीला धरून राहतो, तडकत नाही आणि आतली ओल बाहेर जाऊ देतो. वास येतो, नाही कशाला म्हणू? पण नाक मुरडणाऱ्यांचा मला जास्त वीट येतो. हीच माणसं सिमेंटच्या पोत्यांवर बसून मजेत डबा खातात.

जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या सरकारी केंद्रात मी नोकरीला आहे. वरच्या मजल्यांवर नकाशे, कपाटं आणि साहेब. तळघरात मी आणि माझी पिंपं. सगळे मला दूधवाली म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर.

"समितीच्या मॅडम महिनाअखेरीला येणार," रुमालातून साहेब म्हणाले. "भिंतीवरचा तुमचा नमुन्याचा तुकडा पास झाला तर सगळ्या जकातघराला तुमचाच चुना. नाही झाला तर मी तयार माल मागवणार. आणि ही पिंपं इथून हलणार. मी आधीच सांगून ठेवतोय, नंतर रडारड नको."

"मी कधी रडले?"

"तुम्ही नाही हो. तुमचं पिंप बघून आम्हीच रडतो," साहेब म्हणाले आणि पळाले.

तयार माल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पोत्यावर मोठ्या अक्षरांत चुना, आत निम्मं सिमेंट.

जकातघर नदीच्या काठावर आहे. पूर्वी होड्यांमधून मीठ उतरायचं आणि जकात भरेपर्यंत याच इमारतीत पडून असायचं. पिवळसर, मऊ दगडाच्या त्या भिंती वर्षानुवर्षं मीठ पीत राहिल्या. वरून नदीची ओल. दगडाचे पोपडे सुटायला लागले तेव्हा आमच्या आधीच्या कुणा शहाण्याने सगळीकडे सिमेंट थापलं आणि पाठ थोपटून घेतली असणार. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा तो सिमेंटचा थर बाहेरून ठणठणीत होता. कडेला बोटं घालून ओढला तर मोठा पापुद्रा कपाटाच्या दारासारखा उघडला. मागे दगड नव्हताच. ओलं पीठ होतं. त्यात मिठाच्या पांढऱ्या दाढ्या वाढलेल्या, कुबट वास, आणि असंख्य पायांचे किडे एकमेकांवर चढून बसलेले. ओल आत कोंडून राहिली होती आणि तिने दगड खाऊन टाकला होता. मी बाजूला जाऊन ओकले. वासामुळे नव्हे. हे करून कुणीतरी आनंदाने घरी गेलं असेल आणि शांत झोपलं असेल, हे मनात आलं म्हणून.

दुरुस्तीचा चुना दगडापेक्षा कमजोर हवा. झिजायची वेळ आली तर चुन्याने झिजावं. चुना पुन्हा लावता येतो, दगड पुन्हा उगवत नाही. हे आमच्या केंद्रात शिपायालासुद्धा पाठ आहे. तरी भिंतीपुढे उभं राहिलं की प्रत्येकाच्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघतो. मजबूत आहे ना?

उत्तरेच्या भिंतीवर मला दाराएवढा तुकडा मिळाला होता. तो लावणार होता माझा नवरा, कारण जकातघराच्या कामावर मुकादम तोच.

आमचं लग्नही चुन्यामुळेच जमलं. तो तेव्हा भट्टीवरून चुना घेऊन यायचा आणि मी प्रत्येक खेपेत अर्धा परत पाठवायची. कच्चा आहे, खडे आहेत, जास्त भाजलाय. एक दिवस तो घाम पुसत म्हणाला, "बाई, चुना नको तर राहू दे. चहा तरी चालेल का, की त्यातही खडे निघतील?" मी चहा घेतला. चहात खडे नव्हते.

सासूबाईंना माझ्या नोकरीची गंमत वाटायची. दारात कुणी विचारलं की सांगायच्या, "आमची सून सगळ्या गावाला चुना लावते. वर त्याचा पगारही घेते." मी घरी आले की मात्र दारातच अडवायच्या. "आधी न्हाणीघर गाठ. तुझ्या अंगाचा वास स्वयंपाकघरात आला तर माझं चांगलं दूध नासेल."

तुकडा लावला ते दिवस ओले होते. नदीवर धुकं बसलेलं, ऊन नावालाही नाही. चुना हवेतून घट्ट होतो आणि हवाच चिंब असेल तर त्याला वेळ लागतो. नवरा रात्री जेवताना घास हातात धरून बसायचा.

"अजून बोट लावलं की ओल येते गं."

"येऊ दे. चुन्याला घाई नसते."

"समितीला असते."

"महिना आहे हातात. ओली पोती टांगून ठेवा, वारा लागू देऊ नका, आणि रोज बोट घालून बघणं बंद करा. पोळीसारखा फुगणार नाहीये तो."

सासूबाई हसल्या. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तळघरात भाजलेल्या चुन्यावर पाणी ओतून तो विझवताना मोठा शिंतोडा उडाला आणि डाव्या डोळ्यात गेला. मी आयुष्यभर इतरांना चष्मा लावायला सांगत आले आणि त्या दिवशी माझाच कपाळावर होता. डॉक्टरांनी डोळा धुतला, मलाही शब्दांनी धुतलं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून घरी पाठवलं. एक डोळा फिरला की दुसराही फिरतो, म्हणून दोन्ही बंद.

ते दिवस मी अंथरुणात आंधळ्यासारखे काढले. नवरा कामावरून दुपारी मुद्दाम घरी यायचा. पट्टी सोडायचा, डोळ्यात थेंब घालायचा, पुन्हा बांधायचा. त्याची बोटं खरखरीत, पण पापणी उचलताना इतकी हलकी, की मला कळायचंसुद्धा नाही. मी रोज एकच विचारायची.

"कसा आहे?"

"ओलाच आहे," तो म्हणायचा.

मग एका दुपारी म्हणाला, "धरायला लागलाय."

"बघा! मी काय म्हटलं होतं!" मी पट्टीखालून हसले. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मला फार बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी समिती आली. मॅडम केस पांढरे झालेल्या, बोलायला कमी, जुन्या इमारतींत आयुष्य घालवलेल्या. साहेब त्यांच्या पुढे-मागे. नवा अभियंता सुरक्षित अंतरावर. गवंडी भिंतीला टेकून ओळीने उभे, त्यात सगळ्यांत म्हातारा, ज्याला सगळे आजोबा म्हणायचे. आणि माझा नवरा, धुतलेल्या सदऱ्यात.

साहेबांनी बोटाच्या पेरांनी तुकड्यावर टकटक केलं. "वा! अगदी दगड! मॅडम, ऐका, आवाज ऐका!"

टण, टण. आवाज मीही ऐकला. जेमतेम महिनाभराच्या ओल्या चुन्याचा आवाज तसा नसतो. तो मऊ असतो, जाड पुस्तकावर टिचकी मारावी तसा. मी पुढे झाले आणि तळहात टेकला. थंडगार. बाटलीतून बोटावर पाणी घेऊन एक थेंब भिंतीवर ठेवला. माझ्या चुन्याने तो एका दमात प्यायला हवा होता. थेंब तसाच चमकत राहिला आणि मग खाली ओघळला.

आधी मला वाटलं, माझे डोळेच अजून नीट नाहीत. मग वाटलं, गवंड्यांनी केलं असेल, कामचुकारपणा केला असेल. मी आजोबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, चेहरा उजळलेला, वाढदिवसाची भेट उघडणाऱ्याकडे माणूस बघतो तसा.



"मुकादम, जरा इकडे या," मी म्हटलं. साहेब मॅडमना छताची तुळई दाखवत होते. आम्ही फळ्या ठेवायच्या खोलीत गेलो.

"किती घातलंत?"

त्याने नाटक केलं नाही, एवढं म्हणायला हवं. "घमेल्यामागे दोन मुठी. पांढरं सिमेंट. रंगात फरक पडू नये म्हणून."

"पहिला थर?"

"खरवडून काढला. धरतच नव्हता गं. रोज बघायचो, बोट आत जायचं. तू घरात डोळे बांधून पडलेली आणि रोज मला विचारायचीस, कसा आहे, कसा आहे. काय सांगणार होतो मी?"

"ओला आहे हेच. तेच खरं होतं ना?"

"आणि समिती? ती काय ओल्या तुकड्याला पास करणार होती? तुझी इतकी वर्षं त्या घाणीत गेली. तळघरातली दूधवाली म्हणून सगळे तुला हसतात. मी जेवणाच्या सुट्टीत ऐकतो ते. म्हटलं, एकदा पास होऊ दे. एकदा तिचं नाव होऊ दे. पुढे सगळी इमारत तू हवी तशी कर."

"या तुकड्याचं काय मग? याच्या मागच्या दगडाचं?"

"दहा-पंधरा वर्षं काही होत नाही त्याला."

"आणि नंतर?"

तो माझी समजूत काढायला हसला. "नंतर आपण कुठे असणार आहोत बघायला?"

त्या पापुद्र्यामागचे किडे मला पुन्हा दिसले. सिमेंट थापून घरी गेलेला तो शहाणा कसा असेल, असं मी इतकी वर्षं मनात रंगवत आले होते. जाडा, आळशी, पैसे खाणारा. तो असा निघाला. माझ्या डोळ्यात थेंब घालणारा, सुट्टीत माझ्यासाठी कान देणारा, धुतलेल्या सदऱ्यातला.

"तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता," मी म्हटलं.

"तुझ्यावर होता गं. चुन्यावर नव्हता."

त्याने माझा दंड धरायला हात पुढे केला. मी मागे सरले ते विचार करून नव्हे. चिखलातून पाय काढावा तसं अंगच मागे आलं. मला त्याची शिसारी आली, आणि त्याहून वाईट म्हणजे, तो चांगला माणूस आहे हे ठाऊक असून आली.

"आता बाहेर चल," तो हळूच म्हणाला. "काही बोलू नकोस. मॅडम खूश आहेत."

बाहेर साहेब खरंच रंगात आले होते. "हे मिश्रण बाकीच्या केंद्रांनाही दिलं पाहिजे. बाईंनी स्वतः जाऊन शिकवावं. वासाचं काय ते आपण बघू!" सगळे हसले. मॅडम मात्र तुकड्याच्या कोपऱ्यात नखाने उकरत उभ्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

मला गप्प बसता आलं असतं. नाव झालं असतं, पिंपं राहिली असती, घरात शांतता राहिली असती. आणि मग माझ्याच नावाने, मी शिकवलेल्या चुन्याने इतर ठिकाणची माणसं असला टणक तुकडा मागत बसली असती. माझा खरा चुना त्यांना कच्चा वाटला असता. त्यांनी त्यात दोन मुठी घातल्या असत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "हा तुकडा पास करू नका. हा माझा चुना नाही. यात सिमेंट आहे."

साहेब वळले ते सरळ गवंड्यांकडे. "शंभरदा सांगितलं होतं! शंभरदा! लवकर घरी जायची घाई तुम्हा लोकांना! कुणी लावला हा तुकडा?"

"मी लावला," आजोबा म्हणाले.

"सिमेंट कुणी मिसळलं?"

आजोबांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. एकदाच. मग पुन्हा जमिनीकडे. माझा नवरा आपल्या बुटाचं टोक बघत होता.

मी वाट पाहिली. खरंच पाहिली. मनात म्हणत होते, बोला हो. आत्ता बोला. एक वाक्य बोला आणि मी बाकी सगळं गिळते, घरी जाऊन दोन दिवस भांडते आणि विसरते. त्याने बुटाचं टोक जमिनीवर घासलं.

"उद्यापासून येऊ नका, आजोबा," साहेब म्हणाले. "या वयात हे धंदे!"

आजोबांनी मान हलवली आणि भिंतीपाशी ठेवलेली आपली थापी उचलली. माझ्या नवऱ्याने तेव्हाही मान वर केली नाही.

"आजोबांनी नाही मिसळलं," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण फार कोरडा. "मुकादमांनी मिसळलं. माझ्या नवऱ्याने. मी घरी होते तेव्हा."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. नव्या अभियंत्याने, काय करावं न सुचून, रुमाल काढून नाकाला लावला. तिथे वास कशाचाच नव्हता.

मॅडम मला बाजूला घेऊन गेल्या. "मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतः शेजारी उभ्या होतात. म्हटलं, तुम्ही असताना असं होणार नाही." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला वाईट वाटतंय. पण मी आज काय पास करू? बघायला काही नाहीच. आणि निर्णय आजच द्यायचाय. पावसाळ्याआधी काम संपायला हवं."

"तयार पोती?"

"निदान त्यातली कमी वाईट निवडीन," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांचे आभार मानले.

साहेबांनी आजोबांना ठेवून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला गोदामावर पाठवलं, पोती मोजायला. त्याच संध्याकाळी शिपाई तळघरात आला. पिंपं शुक्रवारपर्यंत रिकामी करायची होती. तो निरोप सांगून गेला नाही, दारातच रेंगाळला. "दूधवाली बाई," तो म्हणाला, "वासाची सवय झाली होती हो." मी त्याला जायला सांगितलं.

घरी सासूबाई दारात उभ्या होत्या. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडलंस?"

"हो."

"घरात येऊन काय हवं ते बोलायचंस. दारं लावून बोलायचंस."

"आजोबांची नोकरी दारं लावून नव्हती जात, आई."

त्या आत गेल्या. आत त्या आपल्या मुलाला काहीतरी विचारत होत्या. मग भांडं आदळल्याचा आवाज आला. कुणावर आदळलं ते मला कळलं नाही. त्या रात्री तिघं तीन वेगवेगळ्या वेळी जेवलो.

तुकडा काढायचं काम केंद्राचं, म्हणजे माझं. सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन मी एकटीच जकातघरात गेले. वाटलं होतं, ताजा थर आहे, सुटेल सहज. सुटला नाही. प्रत्येक तुकड्याबरोबर दगडाचं साल निघून यायचं, पिवळं, ओलसर. सिमेंटने इतक्या थोड्या दिवसांतच त्याला मिठी मारली होती. खालच्या दगडावर कुणा जुन्या कारागिराने छिन्नीने कोरलेल्या बारीक तिरप्या रेषा होत्या. मी कितीही जपून मारलं तरी त्या रेषा सिमेंटलाच चिकटून उखडत होत्या. मला त्या दगडापुढे लाज वाटली. मग राग आला. तरी मी छिन्नी चालवत राहिले, कारण ठेवलं असतं तर आतून आणखी सडलं असतं.

पावलं वाजली. नवरा होता. गोदामावर जायच्या आधी आला असावा, डबा हातात होता.

"मी काढतो," तो म्हणाला. "तुझा डोळा अजून कच्चा आहे. धूळ जाईल."

"नको."

"अगं, निदान मला..."

"तुम्ही छिन्नीला हात लावू नका."

तो उभा राहिला. गेला नाही. डबा खाली ठेवून त्याने कोपऱ्यातलं घमेलं उचललं आणि माझ्या छिन्नीखाली धरलं, दोन्ही हातांनी, छातीपाशी. मी मारत राहिले आणि तुकडे त्यात पडत राहिले, एका बाजूने सिमेंट, दुसऱ्या बाजूने दगड.

"काल मी बोलायला हवं होतं," घमेलं सावरत तो म्हणाला.

"हो."

घमेलं भरत आलं. वजनाने त्याचे खांदे खाली आले होते, कपाळावर धूळ आणि घाम एक झाला होता. खाली ठेवा, असं मी म्हटलं नाही. त्यानेही ठेवलं नाही.